दोन खुर्च्या

माझ्या आजाराचे संक्षिप्त नाव मराठी घरांत हमखास गोंधळ उडवते. २०१२ साली आईने अकोल्याहून आमच्या मोठ्या मावशीला फोन करून "हिला एमएस झालंय" असे रडत रडत सांगितले, तेव्हा पलीकडून मावशीने उत्साहाने विचारले होते, "अगं, मग रडतेस कशाला? कोणत्या युनिव्हर्सिटीतून?" आमच्याकडे एमएस म्हणजे एक तर अमेरिकेत जाऊन मिळवलेली पदवी, नाही तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरच्या पाटीवरची अक्षरे. मावशी आता नाही, पण तिचा प्रश्न आमच्या घरात मुक्कामाला आहे, आणि माझे पाय एखाद्या सकाळी ऐकेनासे झाले की नवरा चहा ठेवता ठेवता म्हणतो, "आज एमएसचा पेपर अवघड आलेला दिसतोय."

मल्टिपल स्क्लेरोसिस या नावाचा अर्थ मात्र अगदी साधा आहे: अनेक ठिकाणी पडलेले कठीण वण. पॅरिसमधील डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या आजाराला वेगळी ओळख दिली. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील तंतूंवर मायलिन नावाचे वेष्टन असते. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ते कुरतडते, आणि मेंदूने पाठवलेला निरोप पायापर्यंत उशिरा, अर्धवट किंवा मुळीच पोचत नाही. कोणत्या वेळी कोणता निरोप गहाळ होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून एकाच वर्षी निदान झालेल्या दोन माणसांपैकी एक दहा वर्षांनंतरही धावत असतो आणि दुसरी माझ्यासारखी बसलेली असते.

माझ्या बाबतीत सुरुवात कुंकवापासून झाली. लंडनला येऊन तीन वर्षे झाली होती, मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होते, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाची तयारी करताना माझ्या लक्षात आले की उजव्या डोळ्याला लालभडक दिसणारे कुंकू डाव्या डोळ्याला विटक्या विटेसारखे दिसते आहे. मी आधी कुंकवालाच दोष दिला, दुसरी पुडी फोडली, करंडा खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि एकेक डोळा झाकून हा खेळ बराच वेळ केला. चार दिवसांनी डोळा हलवला की दुखू लागले, तेव्हा डॉक्टरकडे गेले. दृष्टीच्या मज्जातंतूला सूज आली की लाल रंग सर्वांत आधी फिका पडतो, ही गोष्ट तिथे मला पहिल्यांदा कळली. पुढे एमआरआयमध्ये मेंदूत आणि मानेत जुने-नवे वण सापडले, म्हणजे आजार कुंकवाच्या आधीपासूनच आत वावरत होता.

"तिकडच्या थंडीनं झालं" हा निष्कर्ष अकोल्यात लगेच काढला गेला, आणि गंमत म्हणजे तो सपशेल वेडगळ नाही. विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका हा आजार वाढतो. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला असलेल्या ऑर्कनी बेटांवर त्याचे प्रमाण जगात सर्वाधिक, म्हणजे लाखामागे सुमारे ४०० नोंदवले गेले आहे, आणि भारतात तो तुलनेने विरळ आहे. पण परदेशी गेलेल्यांच्या अभ्यासांतून असेही दिसते की नव्या देशाचा धोका प्रामुख्याने लहानपणी गेलेल्यांना चिकटतो. मी पदवी, नोकरी, लग्न सगळे उरकून इथे आले होते. त्यामुळे लंडनवर ठपका ठेवता येत नाही, आणि अकोल्यावरही नाही. आई अजूनही मधूनमधून स्वेटरची चौकशी करते.

आधी काठी आली, मग दोन काठ्या, मग घरात चाकांचा वॉकर, आणि २०१९ पासून खुर्ची. खुर्ची या शब्दाला एकवचन लावणे माझ्या बाबतीत बरोबर नाही, कारण माझ्या खुर्च्या दोन आहेत. एक बॅटरीवर चालणारी; तिच्या उजव्या हातावर सुपारीएवढ्या मुठीची जॉयस्टिक आहे, वजन सव्वाशे किलोच्या पुढे आहे, आणि ती मला घेऊन कुठेही जाते, फक्त तिला कुणी उचलू शकत नाही. दुसरी हलकी, घडीची, मागे दोन मुठी असलेली. तिला कुणीही उचलू शकते, पण माझ्या हातांत चाके फिरवण्याइतकी ताकद टिकत नसल्यामुळे मी ती एकटीने दहा हातांपलीकडे नेऊ शकत नाही. पहिली लंडनची आणि दुसरी अकोल्याची. लंडनची खुर्ची अकोल्यात आमच्या घराच्या पहिल्या पायरीशीच थांबेल, आणि अकोल्याची खुर्ची लंडनमध्ये मला दिवसभर नवऱ्याची वाट पाहायला लावेल. दोन्ही देशांत मी तीच असते. बदलते ती माझ्याखालची खुर्ची, आणि तिच्याबरोबर माझा दिवसच वेगळा होतो.

लंडनमधला दिवस सांगायचा तर कोथिंबिरीपासून सांगते. आम्ही वेम्बलीत तळमजल्यावर राहतो. ईलिंग रोडवर भारतीय भाजीची दुकाने ओळीने आहेत, आणि फोडणी घालायला निघाल्यावर कोथिंबीर संपल्याचे लक्षात आले तर मी कुणालाही न विचारता, कुणालाही न सांगता बाहेर पडते आणि बसने जाऊन जुडी घेऊन येते. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षे लागली आहेत, म्हणून ते वाचताना घाई करू नये अशी विनंती आहे. बस आली की मी मधल्या दारापाशी थांबते, दाराशेजारचे व्हीलचेअरचे चिन्ह असलेले निळे बटण दाबते, ड्रायव्हर आधी सगळ्यांना चढू-उतरू देतो आणि मग दार बंद करून रॅम्प बाहेर सोडतो. तो बाहेर येताना इतका पिपाणतो की थांब्यावरची कबुतरेसुद्धा उडतात. लाजऱ्या माणसाला हा आजार परवडणारा नाही. लंडनच्या सर्व नेहमीच्या बसगाड्यांना हा रॅम्प असतो आणि चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशाला भाडे पडत नाही. आत खुर्ची उलटी, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून, पाठ टेकूला लावून उभी करायची असते. त्यामुळे गेली सहा वर्षे हे शहर मी मागे जातानाच पाहते आहे. येणारा थांबा मला दिसत नाही, गेलेला नीट दिसतो.

भुयारी रेल्वेची गोष्ट निराळी. तिची सुरुवात १८६३ सालची, आणि त्या काळी ज्यांनी बोगदे खणले त्यांच्या डोळ्यांसमोर मी नव्हते. २७२ स्थानकांपैकी जेमतेम एक-तृतीयांश ठिकाणी जिन्याशिवाय फलाटावर जाता येते. नकाशावर पांढऱ्या गोलातले खुर्चीचे चिन्ह म्हणजे रस्त्यापासून फलाटापर्यंत, आणि निळ्या गोलातले म्हणजे रस्त्यापासून थेट गाडीच्या डब्यापर्यंत. बाकीचे लोक रेषांचे रंग पाहतात, मी हे दोन गोल पाहते. नोकरी बदलताना मी पगाराच्या आधी स्थानक पाहिले. १९९९ साली पूर्ण झालेल्या ज्युबिली लाइनच्या वाढीव भागातल्या सर्व स्थानकांना लिफ्ट आहेत, म्हणून मी कॅनरी वॉर्फ या बँकांनी भरलेल्या भागात काम करते. माझ्या एका सहकाऱ्याला वाटते की मला बँकिंग क्षेत्राची आवड आहे.

बसमध्ये खुर्चीसाठी जागा एकच असते, आणि तिच्यावर बाबागाडीचाही डोळा असतो. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या एका पावसाळी संध्याकाळी माझ्या मांडीवर मेथीच्या दोन जुड्या होत्या, बस आली, आणि त्या जागेत एक आई बाबागाडी घेऊन उभी होती. ड्रायव्हरने तिला एकदा विचारले, तिने झोपलेल्या बाळाकडे बोट दाखवले, ड्रायव्हरने माझ्याकडे पाहून खांदे उडवले आणि दार बंद केले. पुढच्या बसमध्येही तेच झाले. तिसरी बस रिकामी होती, पण तोवर माझे पाय गारठून लाकडासारखे ताठ झाले होते आणि मेथीत पाणी शिरले होते. मी त्या आईवर चिडले नाही असे म्हणणे खोटे ठरेल, पण तिच्या जागी मी असते तर झोपलेले बाळ उचलले असते का, हा प्रश्न मला घरी आल्यावर पडला आणि त्याचे उत्तर मला आवडले नाही.

हाच प्रसंग एका माणसाने न्यायालयात नेला होता. उत्तर इंग्लंडमधल्या वेदरबी गावाहून डग पॉली हे गृहस्थ २०१२ च्या फेब्रुवारीत आईवडिलांना भेटायला निघाले होते. बसमधल्या बाईने बाळ झोपले आहे आणि गाडीची घडी होत नाही असे सांगितले, आणि त्यांना थांब्यावर मागे राहावे लागले. प्रकरण जवळजवळ पाच वर्षे चालले. १८ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी निकाल दिला, तो असा की ड्रायव्हरने एकदा विनंती करून गप्प बसणे पुरेसे नाही. नकार अवाजवी वाटला तर त्याने पुन्हा ठामपणे सांगावे, गरज पडल्यास काही मिनिटे बस थांबवून ठेवावी. मात्र त्या प्रवाशाला उतरवून देण्याचे बंधन कंपनीवर नाही. म्हणजे मला मिळालेला हक्क हा थोडा वेळ थांबवून ठेवलेल्या बसएवढा आहे. तो लहान आहे, पण आहे, आणि निकालाची ती ओळ मी इंग्रजीत पाठ केली आहे. एरवी मला मोरोपंतांची एकही आर्या येत नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी इथे येऊन खुर्चीवर बसेपर्यंत मला सुचलीही नसती. सार्वजनिक लंडन माझ्यासाठी बऱ्यापैकी उघडे आहे: संग्रहालये, नाट्यगृहे, ग्रंथालये, दवाखाने, मोठी दुकाने. बंद झाली ती ओळखीच्यांची घरे. इथली जुनी दुमजली घरे एकमेकांना चिकटून उभी असतात, त्यांच्या दाराशी एक-दोन पायऱ्या असतात, दार अरुंद असते, आणि बहुतेकांचे एकुलते एक न्हाणीघर वरच्या मजल्यावर असते. दारातल्या पायऱ्यांवर घडीचा रॅम्प टाकता येतो, नवरा तो गाडीच्या डिकीत ठेवतोच, पण वरच्या मजल्यावरच्या संडासावर काहीच टाकता येत नाही. या आजारात मूत्राशयही स्वतःच्या मर्जीने वागते. दोन तासांच्या हळदीकुंकवात मी दीड तास त्याचाच विचार करीत बसत असे. म्हणून गेली काही वर्षे आमच्या मैत्रिणींच्या गोटातले हळदीकुंकू, डोहाळजेवण, कोजागरी, सगळे माझ्याकडेच होते. लोकांना वाटते मला फार हौस आहे. हौस आहेच, पण मूळ कारण तळमजल्यावरचे न्हाणीघर आहे. बाहेर मात्र माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक बोटभर लांबीची जाड किल्ली असते. तिला रडार किल्ली म्हणतात. १९८१ सालापासून चालू असलेल्या योजनेत देशभरातली अपंगांसाठीची हजारो कुलूपबंद स्वच्छतागृहे या एकाच किल्लीने उघडतात. घराची किल्ली विसरले तरी चालते, नवरा येईपर्यंत बाहेर बसता येते. ही विसरून चालत नाही.

कागदपत्रांचा भाग लवकर उरकते. समानतेच्या २०१० च्या कायद्यानुसार इथे एमएसचे निदान झाल्या दिवसापासून माणूस अपंग मानला जातो, त्यासाठी खुर्चीवर बसावे लागत नाही, आणि नोकरीत वाजवी सोयी मागण्याचा हक्क त्या दिवसापासून मिळतो. भत्ते मात्र परदेशी माणसाला व्हिसावर असेपर्यंत मिळत नाहीत. आम्हाला कायमचा परवाना २०१४ साली मिळाला, तोवर औषधोपचार होते पण बाकी सगळे आमच्या खिशातून. नंतर मी पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट नावाच्या भत्त्यासाठी अर्ज केला. त्यात गुण मिळतात. माणूस वीस मीटरपेक्षा अधिक चालू शकत नसेल तर चालण्याच्या रकान्यात १२ गुण, आणि १२ गुण म्हणजे वरचा दर. एमएसची एवढी एकच परीक्षा मी दिली आहे, आणि तिच्यात न जमण्याचे गुण होते. नवऱ्याने पलंगापासून फाटकापर्यंतचे अंतर टेपने मोजले: चौदा मीटर. अर्जावर "जमते का?" असा प्रश्न आला की मी सवयीने "जमते" लिहीत होते. आपल्याकडे कुणी कसे काय विचारले की "बरंय" म्हणायचे असते, आणि दुखणे रेटून नेणाऱ्या बाईचे कौतुक होते. माझ्या एमएस नर्सने तो मसुदा वाचून पेन्सिलने प्रत्येक "जमते" खाली रेघ ओढली आणि विचारले, दिवसातून किती वेळा जमते, किती वेळ लागतो, आणि त्यानंतर किती वेळ पडून राहावे लागते? मी खरे लिहिले. ते वाचून नवरा बराच वेळ काही बोलला नाही, कारण आम्ही दोघेही एकमेकांसमोर "जमते" म्हणत आलो होतो.

उपचारांमुळे आजाराचा वेग कमी झाला आहे. दर सहा महिन्यांनी दिवसभरासाठी रुग्णालयात जाऊन ऑक्रेलिझुमॅब नावाचे औषध शिरेतून घेते. डबा घरून नेते, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या बाई दर वेळी माझ्या पोळीभाजीच्या वासाची स्तुती करतात. गेलेले चालणे औषध परत देत नाही, उरलेल्याची राखण करते.

उन्हाचा आणि माझा संबंध मात्र तुटला आहे. या आजारात शरीराचे तापमान अर्धा अंश वाढले तरी निरोप अडखळतात; जर्मन नेत्रवैद्य ऊटहॉफ यांनी १८९० मध्ये श्रमानंतर नजर मंदावते हे टिपले, त्यामागे वाढलेले तापमान आहे हे पुढे कळले, आणि एमआरआय येण्याच्या आधीच्या काळात निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून पाहत असत. १९ जुलै २०२२ रोजी ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच पारा चाळिशी ओलांडून ४०.३ अंशांवर गेला. इथली घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली, पंखासुद्धा नसलेली. त्या दिवशी मी पडदे ओढून, गळ्याभोवती ओला पंचा आणि पाय बादलीत अशी बसले होते. डाव्या डोळ्यापुढे पुन्हा धुके आले होते आणि हातातला पेला दोनदा निसटला. आईचा फोन आला. तिला चाळीस अंश म्हणजे काय ते कळावे म्हणून मी आवाज गंभीर केला, तर ती म्हणाली, "चाळीस? मग पहाटेचं सांगतेस का दुपारचं?" अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तिथे मी वाळ्याचे तट्टे लावलेल्या कूलरसमोर मांडी घालून आंबे खात वाढले, आणि तोच मे महिना आता मला वर्ज्य आहे. तेरा वर्षांत माहेरचा आंबा खाल्लेला नाही. मी जाते ती डिसेंबरात, हुरडा आणि बोरांच्या दिवसांत.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात शिकण्यासारखे एवढेच आहे की आदल्या रात्रीपासून पाणी कमी प्यावे आणि हे कोणत्याही डॉक्टरला सांगू नये. विमानाच्या दारात माझी घडीची खुर्ची खाली सामानात जाते, मला हातभर रुंदीच्या खुर्चीवर तीन पट्ट्यांनी बांधून आत नेतात, आणि उतरताना मी सर्वांत शेवटी. एका वर्षी मुंबईला खुर्ची परत मिळाली तेव्हा उजवा पायटेकू आतल्या बाजूला वाकलेला होता. विमान कंपनीने एक फॉर्म दिला. नागपूरला उतरून गाडीने अकोल्याला पोचेपर्यंत माझा उजवा पाय उशीवर ठेवलेला होता. (या प्रवासातला अमरावती ते अकोला हा पट्टा आता सुखाचा आहे. २०२२ च्या जूनमध्ये तिथे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तासांत करून विक्रम केला होता. वर्तमानपत्रांनी त्यात देशाची प्रगती पाहिली, माझ्या पायांना पेटके कमी आले.) दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने खुर्ची कोपऱ्यावरच्या ग्रिल-वेल्डिंगच्या दुकानात नेली. त्या कारागिराने नळीत सळई घातली, दोन ठोके मारले, डोळा बारीक करून डाव्याशी उजवा ताडून पाहिला, एक टाका मारला आणि पैसे घ्यायला नकार दिला. "ताईची गाडी आहे" म्हणाला. लंडनमध्ये त्याच खुर्चीच्या चाकाचा एक बेअरिंग यायला मला तीन आठवडे लागले होते.

अकोल्यात हातांना तोटा नाही. आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. गाडी दाराशी थांबली की शेजारची चार मुले न बोलावता येतात, आई ओसरीवरून "धरा रे पोट्टेहो, अलगद" म्हणते, आणि मी पालखीसारखी वर जाते. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला गेले तेव्हा पांढऱ्या कपड्यांतल्या सेवाधाऱ्याने "चला माउली" म्हणत खुर्चीच्या मुठी धरल्या आणि दर्शन होऊन बाहेर येईपर्यंत सोडल्या नाहीत. माझे नाव, आजार, वय यांपैकी काहीही विचारले नाही. लंडनमध्ये लांबलचक अर्ज भरून जे मिळते, ते इथे नुसते बसून मिळते, आणि हे हात पाहून माझा गळा भरून येतो, हे मी लपवत नाही.

पण टहाळाची गोष्ट त्यानंतरची आहे. दुपारी दोनची वेळ, घर जेवून झोपलेले, मी ओसरीवर उन्हाच्या कडेला बसलेली. हातगाडीवर ओल्या हरभऱ्याचा टहाळ घेऊन एक म्हातारे गृहस्थ गल्लीतून आले. हिरव्या घाट्यांचा तो आंबूस वास मला ओसरीवर आला. ओसरीपासून फाटक पंधरा फूट. मी हाक मारली, पण थकल्यावर माझा आवाज बारीक होतो आणि त्यांचे कान बहुधा वयाने गेले होते. त्यांना थांबवायचे तर दादाला उठवायला हवे, मला उतरवायचे तर शेजारच्या दोघांना उठवायला हवे, आणि दहा रुपयांच्या टहाळासाठी तीन माणसांची झोप मोडणे मला नको वाटले. हातगाडी वळणावर गेली. संध्याकाळी मी ही गोष्ट हसत हसत सांगितली, आणि वहिनीने लगेच बाजारातून मोठी पेंढी आणली. ती आम्ही सगळ्यांनी सोलून खाल्ली. मला टहाळ मिळाला नाही असे म्हणण्याची सोय राहिली नाही, आणि तरी काहीतरी मिळाले नव्हते. कोथिंबिरीसाठी एकटी बसने जाणारी बाई इथे पंधरा फुटांवर हरली होती, आणि तेही तिच्यावर जीव टाकणाऱ्या माणसांच्या घरात.

दादाच्या मनात मात्र ते राहिले असावे. पुढच्या वर्षी गेले तर पायऱ्यांवर सिमेंटचा उतार होता. गवंड्याने मेहनतीने केला होता, वर खरखरीत रेघाही ओढल्या होत्या, पण तीन पायऱ्यांची अठरा इंच उंची त्याने पाच फुटांत उतरवली होती. खुर्चीच्या उताराचा सर्वत्र चालणारा हिशेब असा आहे की एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, म्हणजे आमच्या ओसरीला अठरा फूट. पाच फुटांच्या उतारावरून मी खाली गेले असते तर थेट समोरच्यांच्या फाटकात. दोन माणसे मागे आणि एक पुढे असेल तरच तो वापरता येई. आईने मला वाईट वाटू नये म्हणून त्याचे इतर उपयोग सांगितले: गॅसचा सिलिंडर लोळवत वर नेता येतो, पापड वाळायला चांगले ऊन लागते, आणि गल्लीतली पोरे घसरगुंडी करतात. तिचे गुडघे दुखत असल्यामुळे ती स्वतः मात्र कठड्याला धरून पायऱ्यांच्या उरलेल्या अर्ध्या भागावरूनच उतरत होती.

यंदा मी लंडनहून दादाला कागदावर काढून पाठवले: ओसरीच्या डाव्या टोकापासून भिंतीच्या कडेने नऊ फूट, कोपऱ्यात वळण्यापुरता पाच फूट सपाट चौक, आणि तिथून फाटकाकडे पुन्हा नऊ फूट. रुंदी साडेतीन फूट, कडेला चाक घसरू नये म्हणून चार इंचांची उंचवटी. हे सगळे मी बसच्या थांब्यावर, नाट्यगृहांच्या दारांत आणि रुग्णालयांच्या मागच्या फाटकांपाशी इतक्या वेळा चाकांखालून अनुभवले आहे की मला मोजपट्टी लागली नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दादाने अंगणात चुन्याने रेघा मारून फोटो पाठवला. सगळे बसत होते, फक्त वळणाच्या चौकाच्या बरोबर मध्ये तुळशीवृंदावन होते. ते आजीने बसवलेले आहे. मी फोटोकडे बराच वेळ पाहिले आणि दादाला लिहिले की राहू दे, आहे तोच उतार चालेल, तशी मी वर्षातून तीन आठवडेच तर असते.

रात्री आईचा फोन आला. तिने आधी स्वेटरचे विचारले, मग कूलरची मोटर विकली ते सांगितले, मग थोडी थांबली.

"तुळस मधात येते म्हणे."

"हो. जाऊ दे ना आई."

"उजव्या बाजूला ऊन चांगलं येते तसंही," ती म्हणाली. "आता नाही, लग्न आहे तिचं. लग्न होऊ दे, मग हलवू."